चार बेरिंगा आणि चारचा पहारा

माणूस सायकलवर बसला की सायकल त्याच्या ताब्यात येते, असा माझा बासष्ट वर्षांचा समज होता. माघातल्या एका सकाळी नसरापूरच्या उतारावर तो मोडला. पुढचं चाक मी वळवीन तिकडे चाललं होतं आणि मागचं त्याला वाटेल तिकडे. कीर्तनात बुवा मन एकीकडे आणि बुद्धी दुसरीकडे कशी ओढते ते समजावून सांगतात, तेव्हा पहिल्या रांगेत बसून मी मान डोलावतो. पण ती ओढाताण आपल्याच बुडाखाली सुरू झाली की मान डोलावण्याचे वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. सगळंच डोलतं.

सायकल मुळात माझ्या मुलीची, प्रेरणाची. हैदराबादला नोकरी लागली तेव्हा तिनं ती पुण्याहून कामथडीला आणून ठेवली आणि म्हणाली, "बाबा, पडून राहण्यापेक्षा तुम्ही चालवा. मागे शॉकअप आहे, पाठीला बरं." रंग जांभळा, टायर ट्रॅक्टरच्या धाकट्या भावाचे, आणि पोटात वेटोळं घातलेली जाड स्प्रिंग. या सायकलचं मागचं चाक सांगाड्याला थेट जोडलेलं नसतं. ते एका चिमट्यात बसतं, आणि खड्डा आला की तो चिमटा वरखाली होतो. चिमटा सांगाड्याला जिथे धरून असतो तिथे खाली दोन आणि वर दोन अशा चार लहान बेरिंगा असतात. त्या झिजल्या होत्या. वेल्ह्याच्या तहसील कचेरीत तेहतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि ते माहीत करून घ्यायला मला पुढचे आठ दिवस लागले.

कुणी म्हणेल, लावून ठेवायची भिंतीला. ठेवलीही असती. पण आठ दिवसांनी मार्गासनीच्या सप्ताहात माझा वीणेचा पहारा होता. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकानं दोन तास ती गळ्यात घालून उभं राहायचं, नाम घ्यायचं. मग पुढचा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. पुढचा आलाच नाही, तर आधीच्यानं तसंच उभं राहायचं. पाचव्या दिवशी दुपारी चार ते सहा हा पहारा अकरा वर्षं माझा. माझ्या आधीचे दोन तास कुंडलिकआबांचे. आबांचं वय अठ्ठ्याहत्तर, आणि गुडघे त्याहून जुने.

गेल्या वर्षी वाटेत उसाची ट्रॉली आडवी झाली. माझी एसटी तिच्या मागे तासभर उभी, आणि तिकडे मंडपात आबा तासभर जास्त उभे. मी धापा टाकत पोचलो तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसते वाकून माझ्या पाया पडले. बोलले असते तर बरं झालं असतं. तो तास वर्षभर माझ्या छातीवर बसून होता.

सप्ताहाचे चिटणीस रखमाजी मात्र बोलले. रखमाजींनी एकतीस वर्षं शाळेत घंटा दिली. निवृत्तीनंतर घंटा हातातून गेली, घड्याळ राहिलं. मंडपातल्या फळ्यावर पहाऱ्याची नावं खडूनं तेच लिहितात. ते म्हणाले, "भाऊसाहेब, एक डाव झालं, इसरलो. दुसऱ्यांदा झालं तर नाव खोडावं लागंल. देवाचं काम हाय, माझं न्हाई."

त्यावर मी चार माणसांत जाहीर केलं की पुढच्या वर्षी मी सायकलनं येईन, कुठल्या गाडीवर आणि कुठल्या ट्रॉलीवर अवलंबून राहणार नाही. माणसानं जाहीर काही करू नये. मागचं चाक डोललं त्या सकाळी आमच्या सौभाग्यवती रतनबाई म्हणाल्या, "अहो, अकराच्या एसटीनं जावा न् मंडपात जाऊन बसा." सूचना इतकी योग्य होती की मला राग आला.

सायकल घेऊन मी फाट्यावर गेनूकडे गेलो. गेनू वेल्डिंग करतो. लोखंडी दारं, ट्रॉल्यांचे साटे, कुणाची तुटलेली खाट, सगळ्यावर त्याचा एकच उपाय. त्यानं मागचं चाक धरून डावी-उजवीकडे हलवलं. चाक वारं लागल्यासारखं झुललं.

"भाऊसाहेब, दोन टाके मारतो हितं न् हितं. जल्मात हलणार न्हाई."

"अरे, पण ते हलण्यासाठीच केलंय."

"मग हलतंयच की. तक्रार काय हाय तुमची?"

या प्रश्नाला तर्कशास्त्रात उत्तर नाही. तेवढ्यात पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा सावळाराम तिथे चहाला आला. त्यानं वाकून पाहिलं आणि निदान केलं. "बेरिंगा गेल्यात. माझ्याकडं मोटारीच्या हायत, मिन्टाला तीन हजार फेरं मारत्यात."

"याची चाकं मिनिटाला तीन हजार वेळा फिरणार नाहीत रे."

"न फिरू देत. पर फिरायची येळ आलीच तर?"

शेवटी गेनूनं चिमटा सोडवला आणि छिन्नी-हातोड्यानं जुन्या बेरिंगा बाहेर ठोकल्या. दोन तिथेच फुटून त्यांच्या गोळ्या रस्त्यावर विखुरल्या. तिसरी उडून गटारात गेली. चौथी तेवढी शाबूत निघाली. तिच्या रबरी टोपणावर पांढऱ्या अक्षरांत बारीक नंबर छापलेला होता. चष्मा घरी होता. गेनू म्हणाला, "नमुना जपा. भोरात मतीन हाय, पट्टे-बेरिंगाचं दुकान. त्याला फोनवर नुसता नंबर सांगा, बाकी त्याला कळतं."

नमुना जपायचा म्हणून घरी आल्यावर मी तो देवघरात ठेवला. आमच्या घरात जपायची वस्तू देवघरातच जाते. रेशनकार्ड, विजेची बिलं, प्रेरणाचा दहावीचा दाखला, सगळं देवांच्या मागे. चूक जागेची नव्हती, वाराची होती. दुसऱ्या दिवशी एकादशी. रतनबाईंनी आदल्या संध्याकाळी देवांची भांडी काढली, आणि ताम्हण, पळी, घंटा यांच्याबरोबर बेरिंगही चिंच-मीठ लावून राखेनं घासली. सकाळी पाहतो तर समईच्या शेजारी ती अशी झळकत होती की क्षणभर मला हात जोडावेसे वाटले. नंबर अर्थातच नव्हता.

"मला काय ठावं," रतनबाई म्हणाल्या. "देवापुढं होती, देवाची असंल असं वाटलं. काळी पडली होती बिचारी."

मी मतीनला फोन लावला. तो म्हणाला, "नंबर न्हाई तर न्हाई काका, माप सांगा. आतलं भोक, बाहेरची गोलाई, जाडी. पर पट्टीनं नगं. व्हर्नियरनं."

व्हर्नियर गावात एकाच ठिकाणी होता, शाळेच्या प्रयोगशाळेत. मी अर्ज लिहिला. विषय, 'व्हर्नियर कॅलिपर पाच मिनिटे वापरण्यास मिळणेबाबत'. निवृत्तीनंतर इतकं समाधान मला फार दिवसांनी मिळालं. मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला, मसुद्याचं कौतुक केलं आणि अडचण सांगितली. व्हर्नियर जडवस्तू नोंदवहीत आहे, तेव्हा तो प्रयोगशाळेबाहेर जाऊ शकत नाही. मी बाहेरचा माणूस, तेव्हा मी प्रयोगशाळेत जाऊ शकत नाही. मग असं ठरलं की बेरिंग एकटीच आत जाईल. तिची आवक नोंदवून घेतली, आणि मी व्हरांड्यात सुविचाराच्या फळ्याखाली बसलो. तेहतीस वर्षं मी लोकांना अशाच बाकावर बसवलं होतं. ते काय विचार करत असत, ते मला त्या दिवशी बऱ्यापैकी कळलं.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. व्हर्नियरमध्ये शून्याचा दोष होता. विज्ञानाचे सर म्हणाले, तो मिळवायचा. गणिताचे सर म्हणाले, वजा करायचा. दोघंही वीस वर्षं मुलांना तेच शिकवत आले होते, त्यामुळे माघार कुणालाच शक्य नव्हती. मुख्याध्यापकांनी दोन्ही मापं लेखी दिली आणि खाली सही केली. कामथडीत माझ्या बेरिंगला दोन भोकं झाली.

मी बेरिंग खिशात टाकली आणि एसटीनं भोरला गेलो.

मतीन तिशीतला, हाताला कायमचं ग्रीस लागलेला माणूस. त्यानं बेरिंग घेतली, उजेडात धरली. "हिला कुणी घासलं काका?"

"देवाच्या भांड्यांत घासली गेली."

"तरीच. आतनं चिंचेचा वास येतो." त्यानं गल्ल्यातून स्वतःचा व्हर्नियर काढला, बेरिंगला लावला, मान वर केली. "पंधरा, अठ्ठावीस, सात. म्हंजी एकोणसत्तर शून्य दोन." या सगळ्याला साधारण कीर्तनकार उपरणं सारखं करतो तेवढा वेळ लागला. मी खिशातला मुख्याध्यापकांचा कागद बाहेर काढला नाही.

मग त्यानं एकाच मापाच्या तीन तऱ्हेच्या बेरिंगा फडक्यावर मांडल्या. एक दोन्हीकडून पत्र्याचं झाकण असलेली. एक रबरी झाकणाची. आणि एक उघडून दाखवली, तिच्यात गोळ्यांना वेगवेगळं ठेवणारी जाळी नव्हती, गोळ्याच गच्च भरलेल्या. "कुठली देऊ?"

इथे मी जे केलं ते सांगताना लाज वाटते. पण बुवा म्हणतात, चूक झाकली की मुरते. मी प्रत्येक बेरिंग कानाशी नेऊन हलवली, मग दोन दोन एकमेकींवर हलकेच वाजवल्या. टाळ घेताना आम्ही असंच करतो. चाळीस वर्षांत मी मंडळासाठी टाळांचे कितीतरी जोड निवडून दिले आहेत, आणि एकाही जोडाला कुणी नाव ठेवलेलं नाही. रबराची मुकी होती. गच्च भरलेली तर आजारी माणसासारखी खाकरली. पत्र्याच्या झाकणाची मात्र सुरेख बोलली, मागे बारीक घुमारा सोडत. शिवाय बोटावर फिरवली तर थांबेना.

"ही," मी म्हणालो. "चार द्या."

मतीन म्हणाला, "काका, राग मानू नका. जी वाजती ती आतनं ढिली असती. न् ही पंख्या-मोटारीची. तुमची बेरिंग फिरती का हलती?"

"हलते. खड्डा आला की."

"मग तिला फिरायचं कामच न्हाई. एका जागी राहून मार खायचा. तुमाला ही गच्चवाली पायजे."

"मतीन, नाद मला कळतो रे," मी म्हणालो.

मागे स्टुलावर बसलेले त्याचे वडील नजीरभाई पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "दे रं त्यांना. गिऱ्हाइकाला पारखायचं असतं तवर पारखू द्यावं. परत आलं की मग सांगावं."

मतीननं चार बेरिंगा कागदात बांधून दिल्या, आणि पुडी माझ्या हातात ठेवताना एवढंच म्हणाला, "बिल जपून ठेवा."

गेनूनं त्या हातोड्यानं बसवल्या. पहिल्या दिवशी सायकल खरंच छान चालली. दुसऱ्या दिवशी फाट्यापर्यंत जाऊन येईतो मागून टाळ वाजायला लागले. अतिशयोक्ती नाही, ठेका धुमाळीचा होता. शेजारच्या साळूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला वाटलं दिंडी आली. पदर घेऊन भाईर आले न् बघते तर तुमी." मग त्यांनी आपुलकीनं सल्ला दिला की जांभळ्या रंगाला नजर लवकर लागते, लिंबू-मिरची बांधा. मी बांधली. टाळांच्या जोडीला आता लिंबूही स्पोकवर आपटायला लागलं.

सप्ताहातल्या माझ्या पहाऱ्याला आता दोनच दिवस होते. मी पुन्हा भोरला गेलो. एसटीत मी दोन्ही वेळा तेच आसन पकडलं होतं, पण परतीचं गिऱ्हाईक ज्या नजरेनं खिडकीबाहेर बघतं ती वेगळी असते. मतीन मला पाहून हसला नाही. हसला असता तर मी त्याच्याशी भांडू शकलो असतो. त्यानं बेरिंगा उलट्यासुलट्या पाहिल्या, आणि नजीरभाईंनी पेपराचं पान उलटलं.

"खालच्या दोन गच्चवाल्या लावा," मतीन म्हणाला. "पायडलाचा सगळा जोर तितं येतो. वरच्या दोन रबरी टोपणाच्या, चिखलपाणी आत जात न्हाई. न् गेनूला सांगा, हातोडा नगं. लांब बोल्ट घ्यायचा, दोन्हीकडनं जाड वायसर, न् पान्यानं हळूहळू आवळत आत वढून घ्यायची. जोर बाहेरच्या कड्यावर. आतल्या कड्यावर जोर दिला तर नवी बेरिंग बसायच्या आधीच मरती."

मी ते डायरीत लिहून घेतलं. या डायरीत मी कीर्तनातले दृष्टांत टिपून ठेवतो. त्यात वायसरांचा हा पहिला. गच्च भरलेली बेरिंग मी बोटावर फिरवून पाहिली. ती जेमतेम अर्धा फेरा फिरून थांबली. तिला फिरण्यात रसच नव्हता. आमच्या पहिल्या रांगेत अशी दोन-तीन माणसं आहेत. ती कधी मान डोलावत नाहीत, टाळी देत नाहीत. पण सप्ताह संपला की सतरंज्या तीच उचलतात.

गेनूला मी समोर बसून काम करायला लावलं. हातोडा मी माझ्या मांडीखाली घेतला. चौथी बेरिंग आत सरकून "टक्" झाली तेव्हा तो म्हणाला, "ह्याला काय मजा न्हाई भाऊसाहेब. घाम बी आला न्हाई." पण चाक हलवून बघितलं तर ते हललं नाही, आणि सीटवर भार दिला तर चिमटा आवाज न करता खाली गेला, वर आला. गेनूनं तीन वेळा दाबून पाहिलं आणि पडलेल्या चेहऱ्यानं चहा सांगितला.

सप्ताहाच्या पाचव्या दिवशी मी दीड वाजता निघालो. रतनबाईंनी आबांसाठी डिंकाचे लाडू दिले होते. त्या सायकलवर इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. मागचं चाक पुढच्याच्या मागे, सून सासूच्या मागे देवळात जाते तसं. खड्डे आले आणि गेले. एक उसाची ट्रॉली भेटली, तीही उभी. मी तिच्या बाजूनं निघून गेलो. साडेतीनला मार्गासनीच्या देवळामागे सायकल लावली, पाय धुतले, टोपी सारखी केली आणि मंडपात गेलो. रखमाजी मागच्या अंगाला भाताच्या पातेल्याशी हुज्जत घालत होते. मंडपात पेंगणारी चार-दोन माणसं, आणि मधोमध आबा वीणा घेऊन उभे.

मी जवळ जाऊन हात जोडले. वर्षभर ज्याची तयारी केली ते वाक्य म्हणालो. "आबा, अर्धा तास आधी आलोय. हवं तर आत्ताच द्या, तुम्ही बसा."

पहाऱ्यावर असताना नामाशिवाय बोलायचं नसतं. आबांनी नियम मोडला नाही. ते नामाच्या फटींतून बोलले.

"राम कृष्ण हरी. लवकर आलासा. राम कृष्ण हरी. मला वाटलं औंदा बी ट्रॉली पडंल."

"नाही आबा. या वर्षी मी सायकलनं."

"राम कृष्ण हरी. गेल्या साली तुमी उशीर केलासा, लई बरं वाटलं."

मला वाटलं टोमणा आहे. मी मान खाली घातली. पण आबांच्या तोंडावर टोमण्याचं काही नव्हतं.

"घरी कुणी हातात काय देत न्हाई, भाऊसाहेब. राम कृष्ण हरी. पाण्याचा तांब्या उचलला तर सून काढून घेती, पडाल म्हणती. काठी घेतली तर नातू म्हणतो बसा. दिसभर बसा, बसा. राम कृष्ण हरी. ही गळ्यात असती तवर कुणी बसा म्हणत न्हाई मला." त्यांनी वीणेच्या तारेवर बोट फिरवलं. "वर्साचं दोन तास. गेल्या साली तीन झालं."

चार बेरिंगा, दोन भोरवाऱ्या, एक अर्ज, दोन मापं, आणि एवढं सगळं करून मी ज्याच्यावर उपकार करायला आलो होतो, तो माणूस माझी गाडी अडावी म्हणून वर्षभर थांबला होता.

"जरा सायकल बघून येतो," मी म्हणालो.

देवळामागे जाऊन मी सायकल उलटी केली, पिशवीतून पाना काढला आणि खालच्या बेरिंगचा बोल्ट सैल केला. बोल्ट उत्तम बसला होता. सोडवायला जोर लागला. चार वाजून पाच मिनिटांनी रखमाजी घड्याळासकट आले.

"भाऊसाहेब, वाजलं की."

"बेरिंग," मी म्हणालो. देवाच्या दारात खोटं बोललो असं कुणी म्हणू नये. मी एक शब्द बोललो, आणि त्या शब्दाची वस्तू माझ्यासमोर होती.

रखमाजींनी उलट्या सायकलकडे पाहिलं. "भोरातल्या मतीनकडनं घेतलीसा ना? फसवलं व्हय त्यानं?"

"नाही, नाही. बेरिंग एक नंबर आहे. गेनूनंही बसवली चांगली. चूक माझी. मीच उगाच उघडत बसलो."

"ह्या येळी?"

"ह्या वेळी."

त्यांनी माझ्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलाकडे ते असंच बघत असणार. "किती येळ लागंल?"

"तासभर."

"मग नाव खोडावं लागंल. बोललो हुतो."

"खोडा," मी म्हणालो. "तुमचं बरोबर आहे."

ते मंडपात गेले. फळ्यावर खडू घासल्याचा आवाज आला, मग आबांना काहीतरी सांगितल्याचा. मग आबांचा आवाज वर चढला, एरवी दोन तासांच्या शेवटाला कधी चढत नाही इतका.

मी सतरंजीचा एक तुकडा ओढून मांडी घातली आणि दुसराही बोल्ट सैल केला.